आलेखातला क्रम

प्रस्तावना

लग्नपत्रिका छापायला देण्यापूर्वी घरातील वडीलधारी मंडळी नावांच्या क्रमाचा किती विचार करतात, हे तुम्ही पाहिले असेल. आधी आजोबांचे नाव, मग काकांचे, मग मामांचे. नावे तीच असतात, माणसेही तीच असतात. परंतु क्रम बदलला की अर्थ बदलतो आणि कधी कधी नातीही दुखावतात. क्रम नेहमी काहीतरी सांगत असतो.

आकड्यांच्या जगातही असेच घडते. दुकान, बचत गट, सहकारी संस्था, कारखाना अशा प्रत्येक ठिकाणी आज हिशेब संगणकावर ठेवला जातो आणि तो आलेखाच्या रूपाने पडद्यावर दाखवला जातो. आलेखातील आकडे बरोबर असले म्हणजे आलेख बरोबर आहे, असे आपण मानतो. पण आकडे बरोबर असूनही केवळ त्यांचा क्रम चुकल्यामुळे माणसाचा निर्णय चुकू शकतो. तो कसा चुकतो आणि क्रम कसा ठरवून द्यावा, याचा अभ्यास आपण या पाठात करणार आहोत.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्ही
• पायरीपायरीने तपशील दाखवणारा आलेख म्हणजे काय, हे सांगू शकाल;
• अकारविल्हे क्रम कोठे उपयोगी पडतो आणि कोठे फसवतो, हे ओळखू शकाल;
• निरनिराळ्या प्रकारच्या गटांसाठी योग्य क्रम निवडू शकाल;
• संगणकाला आपला क्रम कसा सांगावा, हे स्पष्ट करू शकाल;
• ‘क्रम’ या शब्दापासून तयार झालेल्या शब्दांचा योग्य वापर करू शकाल.

मूळ पाठ

१. कीर्द आणि खतावणी

मराठी व्यापाऱ्यांच्या पेढीवर पूर्वीपासून दोन वह्या महत्त्वाच्या मानल्या जात. पहिली कीर्द आणि दुसरी खतावणी. दिवसभरात जो व्यवहार ज्या वेळी होई, तो त्याच ओळीने कीर्दीत लिहिला जाई. म्हणजे कीर्दीचा क्रम हा काळाचा क्रम. नंतर तेच व्यवहार खतावणीत उतरवले जात. पण तेथे प्रत्येक माणसाचे, प्रत्येक मालाचे खाते वेगळे असे. म्हणजे खतावणीचा क्रम हा खात्यांचा क्रम. खतावणीवरून तेरीज काढली जाई, तिच्यात प्रत्येक खात्याची एकेकच ओळ असे.

व्यवहार एकच, मग तो दोनदा का लिहायचा? कारण दोन वह्या दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. ‘परवा दिवशी काय काय घडले?’ या प्रश्नाचे उत्तर कीर्दीत मिळते. ‘अमक्या गिऱ्हाइकाकडून किती येणे आहे?’ या प्रश्नाचे उत्तर खतावणीत मिळते. प्रश्न बदलला की क्रम बदलावा लागतो, ही गोष्ट आपल्या दिवाणजींना चांगली ठाऊक होती. तेरजेतील एखादा आकडा शंकास्पद वाटला, तर मालक खतावणी उघडी आणि तेथेही उलगडा झाला नाही, तर कीर्दीचे पान काढी. मोठ्या आकड्याकडून लहान तपशिलाकडे जाण्याची ही रीत जुनीच आहे.

२. पायरीपायरीने उतरणारा आलेख

स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या विल्यम प्लेफेअर यांनी १७८६ मध्ये व्यापाराची माहिती देणारे एक चित्रपुस्तक प्रसिद्ध केले. स्कॉटलंडच्या आयात-निर्यातीचा स्तंभालेख त्यात होता. असे आलेख पुढे दीर्घकाळ हातानेच काढले जात. कोणता स्तंभ आधी आणि कोणता नंतर, हे आलेख काढणारा माणूस स्वतः ठरवत असे.

आज संगणकाच्या पडद्यावरील आलेख बोलका झाला आहे. वर्षाच्या स्तंभावर बोट ठेवले की त्या वर्षाच्या चार तिमाह्या दिसतात. एका तिमाहीवर बोट ठेवले की तिचे तीन महिने दिसतात. महिन्यावर बोट ठेवले की कोणता माल किती विकला गेला, ते दिसते. जिना उतरावा तसे आपण एकेक पायरी खाली उतरतो. अशा आलेखाला ‘ड्रिल-डाऊन’ आलेख म्हणतात. जी तेरीज, खतावणी आणि कीर्द पूर्वी तीन वह्यांत होती, ती आता एकाच चित्रात सामावली आहे.

सोय मोठी आहे. पण तिच्यात एक अडचणही आहे. प्रत्येक पायरीवर आलेख नव्याने काढला जातो आणि तो काढणारा आता माणूस नसतो, संगणक असतो. मग स्तंभांचा क्रम कोण ठरवतो? आपण काही सांगितले नाही, तर पुष्कळदा संगणक आपल्यापुरती एक सोपी वाट निवडतो. ती वाट म्हणजे अकारविल्हे क्रम.

पाठगत प्रश्न १
(अ) कीर्द आणि खतावणी यांच्या क्रमांत कोणता फरक आहे?
(आ) व्यवहार एकच असताना तो दोन वह्यांत का लिहीत असत?
(इ) ‘ड्रिल-डाऊन’ आलेखाची तुलना पाठात कशाशी केली आहे?

३. अकारविल्हे क्रमाची जादू

शब्दकोशात शब्द शोधायचा असेल, मतदारयादीत नाव शोधायचे असेल, तर अकारविल्हे क्रमासारखा दुसरा मित्र नाही. काय शोधायचे ते आपल्याला माहीत असते आणि कोठे शोधायचे ते वर्णमाला सांगते. परंतु आलेख हा शोधण्यासाठी नसतो, तो पाहण्यासाठी आणि तुलना करण्यासाठी असतो. तेथे हाच मित्र फसवा ठरू शकतो.

इंग्रजी कालगणनेचे बारा महिने मराठीत लिहून संगणकाला अकारविल्हे लावायला सांगा. क्रम असा येईल: एप्रिल, ऑक्टोबर, ऑगस्ट, जानेवारी, जुलै, जून, डिसेंबर, नोव्हेंबर, फेब्रुवारी, मार्च, मे, सप्टेंबर.

या यादीची गंमत लक्षात घ्या. ती एप्रिलपासून सुरू होते. आपल्या देशाचे आर्थिक वर्ष १८६७ पासून १ एप्रिल ते ३१ मार्च असे चालत आले आहे. म्हणून पहिल्या स्तंभाखाली ‘एप्रिल’ वाचताच आपल्याला वाटते, सर्व काही ठीक आहे. पुढची नावे बारकाईने वाचण्याची गरज वाटत नाही. पूर्ण चुकीची गोष्ट चटकन नजरेत भरते. बरोबर गोष्टीसारखी दिसणारी चूक मात्र सहज निसटून जाते.

आता तिमाह्यांची नावे घ्या: पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. ‘च’ हा ‘त’च्या आधी, ‘त’ हा ‘द’च्या आधी आणि ‘द’ हा ‘प’च्या आधी येतो. म्हणून संगणक त्या अशा लावेल: चौथी, तिसरी, दुसरी, पहिली. क्रम बरोबर उलटा झाला! वर्ष मागून पुढे चालू लागले!

मापांचीही तीच कथा. लहान, मध्यम, मोठा हे शब्द अकारविल्हे लावले, तर मध्यम, मोठा, लहान असे येतात. पाकिटांची वजने शब्द म्हणून लिहिली, तर ‘१ किलो’ हे ‘१०० ग्रॅम’च्याही आधी बसते, कारण संगणक तेथे वजन पाहत नाही, डावीकडून एकेक चिन्ह पाहतो. आणि ‘इतर’ हा गट, जो नेहमी शेवटी असायला हवा, तो ‘इ’पासून सुरू होत असल्यामुळे यादीच्या आरंभीच येऊन बसतो.

संगणकाची यात चूक नाही. त्याला अक्षरे कळतात. पावसाळा, दिवाळी, लग्नसराई या गोष्टी कळत नाहीत. त्या आपल्याला कळतात. म्हणून क्रम ठरवण्याचे काम आपले आहे.

४. एका बचत गटाचे उदाहरण

क्रम चुकल्याने प्रत्यक्षात काय होते, हे एका उदाहरणाने समजून घेऊ. समजा, एका गावातील महिला बचत गट पापड, लोणची आणि मसाले तयार करून विकतो. गटाच्या एका वर्षाच्या विक्रीचे कल्पित आकडे असे आहेत:

पहिली तिमाही – १,२५,००० रुपये
दुसरी तिमाही – ७०,००० रुपये
तिसरी तिमाही – १,३५,००० रुपये
चौथी तिमाही – १,००,००० रुपये
एकूण – ४,३०,००० रुपये

पहिल्या तिमाहीचा तपशील असा: एप्रिल ४०,००० रुपये, मे ६५,००० रुपये, जून २०,००० रुपये. उन्हाळ्यात पापड वाळतात, गिऱ्हाइके वर्षाची बेगमी करतात, म्हणून मे महिन्यात विक्री वाढते. पाऊस सुरू झाला की ती खाली येते. गावातील कोणतीही गृहिणी हे सांगू शकेल.

आता जुलैच्या आरंभी गटाची बैठक भरली आहे. पडद्यावर आलेख उघडला आहे. कोणीतरी पहिल्या तिमाहीवर बोट ठेवले आणि तीन स्तंभ दिसू लागले. पण त्यांचा क्रम अकारविल्हे आहे: एप्रिल ४०,०००, जून २०,०००, मे ६५,०००. पहिला स्तंभ मध्यम, दुसरा बुटका आणि शेवटचा सर्वांत उंच. सवयीमुळे आपली नजर डावीकडून उजवीकडे काळाबरोबर चालते. त्यामुळे चित्र असे सांगते, की मध्ये थोडी मंदी आली होती, परंतु आता विक्री जोरात वाढली आहे.

अशा वेळी कोणता निर्णय घेतला जाईल? ‘मागणी वाढते आहे, उडदाची डाळ जास्त घेऊन ठेवू या, हवे तर बँकेकडून थोडे कर्ज काढू या,’ असेच बहुतेकींना वाटेल. डाळ येईल. पावसाळी हवेत पापड वाळणार नाहीत. दमट कोठीत डाळीला कीड लागेल आणि कर्जाचे व्याज मात्र चालूच राहील. महिन्याला शंभर-दोनशे रुपये बाजूला टाकून ज्या स्त्रियांनी गट उभा केला, त्यांचे पैसे त्या डाळीत अडकतील.

येथे एकही आकडा खोटा नव्हता. बेरीजही बरोबर होती, कारण बेरजेला क्रम लागत नाही. अर्थाला मात्र क्रम लागतो.

याच आलेखाच्या इतर पायऱ्या पाहा. सर्वांत वरच्या पायरीवर २०२२-२३, २०२३-२४ अशी वर्षे आहेत. ती आकड्यांत लिहिल्यामुळे बरोबर लागतात. त्याखालच्या पायरीवर तिमाह्या नेमक्या उलट्या लागतात. आणखी खाली महिन्यांकडे गेलो, तर पहिल्या तीन तिमाह्यांतील महिने उलटसुलट होतात. चौथ्या तिमाहीतील जानेवारी, फेब्रुवारी, मार्च हे मात्र योगायोगाने बरोबर येतात, कारण ‘ज’, ‘फ’, ‘म’ हाच वर्णमालेचाही क्रम आहे. एखाद्याने फक्त वरची पायरी आणि चौथी तिमाही तपासली, तर त्याला आलेख निर्दोष वाटेल. म्हणून एका पायरीवर क्रम बरोबर दिसला, यावरून खालच्या पायरीवरही तो बरोबर असेल असे मानू नये. प्रत्येक पायरी स्वतंत्रपणे तपासली पाहिजे.

पाठगत प्रश्न २
(अ) मराठीत अकारविल्हे लावलेली महिन्यांची यादी पाहताना चूक लवकर लक्षात का येत नाही?
(आ) अकारविल्हे लावल्यास चार तिमाह्यांचा क्रम कसा होतो?
(इ) कोणत्या तिमाहीतील महिने अकारविल्हे क्रमातही बरोबर येतात?

५. कोणत्या गटाला कोणता क्रम?

गटांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. काही गटांना स्वतःचा अंगभूत क्रम असतो. महिने, तिमाह्या, वार, वयोगट, मापे, कामाचे टप्पे हे गट असे आहेत. ‘मागणी आली, माल पाठवला, पैसे मिळाले’ या टप्प्यांचा क्रम कोणी बदलू शकत नाही. अशा गटांना त्यांच्याच क्रमाने मांडावे. त्यांतला मोठा आकडा आधी आणण्याचा मोह टाळावा.

दुसऱ्या प्रकारच्या गटांना अंगभूत क्रम नसतो. पापड, लोणचे, मसाला यांत आधी कोण आणि नंतर कोण? येथे विक्रीच्या उतरत्या क्रमाने मांडणी केली, तर सर्वांत जास्त काय खपते ते एका दृष्टिक्षेपात कळते. ‘इतर’ हा गट मात्र कितीही मोठा असला तरी शेवटी ठेवावा, कारण ती एक वस्तू नसून उरलेल्या लहानसहान वस्तूंची मोट असते.

उतरत्या क्रमालाही एक मर्यादा आहे. समजा, गटाची दोन विक्रीकेंद्रे आहेत. पहिल्या केंद्राच्या आलेखात पापड पहिला आणि लोणचे दुसरे आहे. दुसऱ्या केंद्राचा आलेख उघडला, तर तेथे लोणचे पहिले आणि पापड दुसरा आहे. दोन्ही चित्रे आपापल्या जागी खरी आहेत. पण ती शेजारी ठेवून तुलना करताना नजर फसते, कारण पहिल्या जागेवरचा स्तंभ दर वेळी वेगळ्या वस्तूचा असतो. जेथे तुलना करायची आहे, तेथे सर्व शाखांत वस्तूंचा एकच ठरलेला क्रम ठेवावा. जेथे एकाच शाखेतील मोठे-लहान पाहायचे आहे, तेथे उतरता क्रम घ्यावा. आणि कोणताही क्रम घेतला, तरी तो आलेखाच्या मथळ्याखाली एका ओळीत लिहावा: ‘विक्रीच्या उतरत्या क्रमाने’ किंवा ‘आर्थिक वर्षातील महिन्यांच्या क्रमाने’.

अंगभूत क्रमातही ‘आरंभ कोठून’ हा प्रश्न उरतोच. पंचांगाचे वर्ष चैत्र शुद्ध प्रतिपदेला सुरू होते. अनेक व्यापारी दिवाळीच्या पाडव्याला नव्या वह्या घालतात. सरकारी हिशेब एप्रिलमध्ये सुरू होतो. खरिपाचे गणित पावसाबरोबर मांडले जाते. महिन्यांचे चक्र तेच; पण ते कोठून मोजायचे, हे आपल्या कामावरून ठरते.

६. जनगणनेचा क्रम

क्रम विचारपूर्वक ठरवला म्हणजे काय साधते, याचे एक मोठे उदाहरण म्हणजे आपल्या देशाची जनगणना. तिची माहितीही पायरीपायरीने उतरते: देश, राज्य, जिल्हा, तालुका, गाव. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक राज्याला दोन अंकी, जिल्ह्याला तीन अंकी, तालुक्याला पाच अंकी आणि गावाला सहा अंकी संकेतांक होता. राज्यांची यादी अकारविल्हे नव्हती. ती उत्तरेकडील जम्मू-काश्मीरपासून (०१) सुरू होऊन अंदमान-निकोबारपाशी (३५) संपत होती. महाराष्ट्राचा संकेतांक २७ होता आणि गोव्याचा ३०.

महाराष्ट्रातील जिल्हे त्या वेळी ३५ होते. त्यांचे संकेतांक नंदुरबारपासून (४९७) सुरू होऊन सांगलीपाशी (५३१) संपत. नंदुरबारनंतर धुळे, मग जळगाव, मग बुलढाणा अशी ती यादी नकाशावर बोट फिरवावे तशी पुढे सरकते. त्यामुळे शेजारचे जिल्हे यादीतही पुष्कळदा शेजारी राहतात. दुष्काळ, नदीचे खोरे, एखादे पीक यांचा विचार करताना असा क्रम उपयोगी पडतो.

हेच जिल्हे अकारविल्हे लावले, तर कोल्हापूरनंतर लगेच गडचिरोली येतो. एक राज्याच्या नैर्ऋत्य टोकाला, दुसरा पूर्व टोकाला! आणि लोकसंख्येच्या उतरत्या क्रमाने लावले, तर २०११ मध्ये ठाणे पहिला होता (१,१०,६०,१४८), पुणे दुसरा (९४,२९,४०८), मुंबई उपनगर तिसरा (९३,५६,९६२) आणि सिंधुदुर्ग शेवटचा (८,४९,६५१). पुढे १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर हा नवा जिल्हा वेगळा झाला. याचा अर्थ असा, की आकड्यांवर आधारलेला क्रम परिस्थितीबरोबर बदलतो. म्हणून त्याच्यासोबत वर्ष लिहिणे आवश्यक असते.

तीन क्रम, तिन्ही खरे. ‘माझा जिल्हा यादीत कोठे आहे?’ असे विचारणाऱ्याला अकारविल्हे क्रम हवा. ‘सर्वांत जास्त लोक कोठे राहतात?’ असे विचारणाऱ्याला उतरता क्रम हवा. ‘माझ्या शेजारच्या जिल्ह्यांत काय स्थिती आहे?’ असे विचारणाऱ्याला नकाशाचा क्रम हवा. क्रम निवडण्याआधी प्रश्न निश्चित करायला हवा.

७. संगणकाला क्रम कसा सांगावा?

आपला क्रम संगणकाला सांगण्याच्या दोन सोप्या रीती आहेत.

पहिली रीत यादी देण्याची. एक्सेलसारख्या स्प्रेडशीटमध्ये ‘कस्टम लिस्ट’ म्हणजे आपली स्वतःची यादी तयार करता येते. एप्रिल ते मार्च अशी नावे आपल्या क्रमाने एकदा लिहून ठेवायची आणि क्रम लावताना ती यादी निवडायची. लिबरऑफिस कॅल्क या मोफत मिळणाऱ्या स्प्रेडशीटमध्येही अशी सोय आहे. एक्सेलमध्ये इंग्रजी महिन्यांची यादी आधीच असते, पण ती जानेवारीपासून सुरू होते, हे ध्यानात ठेवावे.

दुसरी रीत क्रमांक देण्याची. महिन्याच्या नावाशेजारी आणखी एक रकाना घ्यावा आणि त्यात आर्थिक वर्षातील क्रमांक लिहावा: एप्रिल १, मे २, जून ३ आणि शेवटी मार्च १२. हा क्रमांक काढण्याचा नियम सोपा आहे. कॅलेंडरमधील महिन्याचा अंक ४ किंवा त्याहून मोठा असेल, तर त्यातून ३ वजा करावेत. लहान असेल, तर त्यात ९ मिळवावेत. ऑगस्टचा अंक ८ आहे, म्हणून ८ वजा ३ बरोबर ५. फेब्रुवारीचा अंक २ आहे, म्हणून २ अधिक ९ बरोबर ११. मग संगणकाला सांगावे, की नाव दाखव, पण क्रम या अंकाने लाव. पॉवर बीआय या आलेख काढण्याच्या साधनात ‘सॉर्ट बाय कॉलम’ या नावाची सोय याचसाठी आहे. मात्र तेथे एका नावाला एकच क्रमांक असावा लागतो. एके ठिकाणी जूनला ३ आणि दुसरीकडे ६ असे लिहिले, तर संगणक ते स्वीकारत नाही.

क्रमांकाची रीत थोडी अधिक कष्टाची असली, तरी क्रमांक माहितीच्या शेजारीच राहत असल्याने तक्ता दुसऱ्या संगणकावर नेला तरी तो सोबत जातो. तिमाहीसाठी वेगळा क्रमांक, महिन्यासाठी वेगळा, पाकिटाच्या मापासाठी वेगळा, असा प्रत्येक पायरीसाठी एकेक रकाना करावा. काम झाल्यावर आलेख उघडून वरून खाली आणि पुन्हा खालून वर जाऊन पाहावे. प्रत्येक पायरीवर थांबून स्तंभांखालची नावे मोठ्याने वाचावीत. डोळ्यांना न दिसलेली चूक पुष्कळदा कानांना कळते.

शब्दार्थ

अकारविल्हे – वर्णमालेतील अक्षरांच्या क्रमाने
कीर्द – रोजच्या व्यवहारांची तारीखवार नोंदवही
खतावणी – खात्यांप्रमाणे हिशेब लिहिण्याची वही
तेरीज – सर्व खात्यांच्या रकमांचा गोषवारा
स्तंभालेख – उभ्या किंवा आडव्या पट्ट्यांच्या लांबीने आकडे दाखवणारा आलेख
अंगभूत – मूळचा, स्वतःमध्येच असलेला
बेगमी – पुढील काळासाठी केलेला साठा
मोट – गाठोडे

भाषाभ्यास

१. ‘क्रम’ हा शब्द ‘क्रम्’ या संस्कृत धातूपासून आला आहे. त्याचा मूळ अर्थ ‘पाऊल टाकणे’ असा आहे. अनुक्रम, क्रमांक, क्रमशः, कार्यक्रम, अभ्यासक्रम, अतिक्रमण, पराक्रम हे शब्द त्याच कुळातले. ‘व्युत्क्रम’ म्हणजे उलटा क्रम. पाठातील अकारविल्हे लावलेल्या तिमाह्या हे व्युत्क्रमाचे उत्तम उदाहरण आहे.

२. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा या क्रमवाचक विशेषणांची रूपे वेगवेगळी आहेत. पाचवा, सहावा, सातवा येथून पुढे मात्र संख्येला ‘वा’ हा प्रत्यय लागतो.

३. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो. संगणकाच्या युनिकोड संकेतावलीत मात्र तो ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये आहे. ‘क्ष’ला तेथे स्वतंत्र जागा नाही, तो ‘क्’ आणि ‘ष’ यांचा जोड मानला जातो. म्हणून नुसत्या संकेतांच्या आधारे क्रम लावला, तर ‘क्षेत्र’ हा शब्द ‘क’च्या शब्दांमध्ये सापडतो.

तुम्ही काय शिकलात?

• क्रम बदलला की बेरीज बदलत नाही. पण आलेखातून निघणारा अर्थ बदलतो.
• अकारविल्हे क्रम शोधण्यासाठी चांगला. काळ, माप आणि टप्पे दाखवण्यासाठी तो योग्य नाही.
• अंगभूत क्रम असलेले गट त्यांच्याच क्रमाने मांडावेत. इतर गट प्रश्नानुसार उतरत्या किंवा एकाच ठरलेल्या क्रमाने मांडावेत. ‘इतर’ हा गट शेवटी ठेवावा.
• ड्रिल-डाऊन आलेखात प्रत्येक पायरीचा क्रम वेगळा ठरवावा आणि वेगळा तपासावा.
• स्वतःची यादी किंवा क्रमांकाचा रकाना देऊन संगणकाला आपला क्रम सांगता येतो.

पाठान्त प्रश्न

१. ‘बेरजेला क्रम लागत नाही. अर्थाला मात्र क्रम लागतो.’ हे विधान बचत गटाच्या उदाहरणाच्या आधारे स्पष्ट करा.
२. महाराष्ट्रातील जिल्हे तीन निरनिराळ्या क्रमांनी मांडल्यास कोणत्या तीन प्रश्नांची उत्तरे मिळतात?
३. आठवड्याचे सात वार अकारविल्हे लिहा. भाजीच्या दुकानाच्या आलेखात हा क्रम का चालणार नाही, ते सांगा.
४. आर्थिक वर्षातील डिसेंबर आणि जानेवारी यांचे क्रमांक नियमाने काढा.
५. तुमच्या घरातील महिन्याचा खर्च धान्य, भाजी, दूध, प्रवास, औषधे आणि इतर अशा गटांत लिहा. तो कोणत्या क्रमाने मांडाल आणि का, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.

उत्तरे

पाठगत प्रश्न १ – (अ) कीर्दीचा क्रम काळाचा, खतावणीचा क्रम खात्यांचा. (आ) दोन वह्या दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात म्हणून. (इ) जिना उतरण्याशी.
पाठगत प्रश्न २ – (अ) यादी एप्रिलपासून सुरू होत असल्याने ती आर्थिक वर्षाच्या क्रमाने लावली आहे असे वाटते. (आ) चौथी, तिसरी, दुसरी, पहिली. (इ) चौथ्या तिमाहीतील.
पाठान्त प्रश्न ३ – गुरुवार, बुधवार, मंगळवार, रविवार, शनिवार, शुक्रवार, सोमवार. (कारण स्वतःच्या शब्दांत लिहा.)
पाठान्त प्रश्न ४ – डिसेंबर: १२ वजा ३ बरोबर ९. जानेवारी: १ अधिक ९ बरोबर १०.